पिकअपच्या हौद्यात ट्रक कॅम्पर सुरक्षितपणे कसा बसवावा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी, झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा आणि बहुधा छोटे स्वच्छतागृह असलेली बिनचाकाची खोली. अमेरिकेत आणि कॅनडात ती सर्रास दिसते. प्रवास नसतो तेव्हा ती चार कोपऱ्यांवरच्या चार जॅकवर उभी राहते आणि निघण्याच्या दिवशी ट्रक तिच्याखाली उलटा नेऊन ती हौद्यात उतरवायची असते. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने असा कॅम्पर विकत घेतला, तर पहिल्या वेळी विक्रेताच तो बसवून देतो. दुसऱ्या वेळी मात्र घरासमोरच्या ड्राइव्हवेत हे काम आपले आपल्यालाच करावे लागते. दीड-दोन टनांची वस्तू चार बारीक पायांवर तोलून धरलेली असताना तिच्या आसपास वावरायचे असल्यामुळे या कामात कौशल्यापेक्षा क्रम आणि सावकाशपणा यांना जास्त महत्त्व आहे.

आधी वजनाचा हिशेब

या प्रकारातले बरेच धोके कॅम्परला हात लावण्याआधीच, चुकीच्या ट्रकला चुकीचा कॅम्पर जोडल्याने, पक्के झालेले असतात. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर टायर आणि भारक्षमतेची माहिती देणारा एक कागद चिकटवलेला दिसतो. प्रवासी आणि सामान यांचे मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असे त्यावर लिहिलेले असते. ही मर्यादा त्या विशिष्ट ट्रकसाठी असते. त्याच मॉडेलच्या शेजाऱ्याच्या ट्रकवर वेगळा आकडा असू शकतो, म्हणून जाहिरातीतला आकडा धरून चालू नये.

कॅम्परच्या माहितीपत्रकातले ‘कोरडे वजन’ तर माझ्या मते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्यात पाणी, गॅस, सामान आणि पुष्कळदा एअर कंडिशनर किंवा छत्रीसारखी जादा उपकरणेही धरलेली नसतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ट्रकची मर्यादा ३,१०० पौंड आहे आणि कॅम्परचे कोरडे वजन २,३०० पौंड आहे. ८०० पौंडांची मोकळीक पाहून खरेदीदार खूश होतो. आता जादा उपकरणांचे २०० पौंड धरा. अमेरिकी गॅलनभर पाण्याचे वजन सुमारे ८.३ पौंड असते, म्हणजे ३० गॅलनच्या भरलेल्या टाकीचे २५० पौंड झाले. दोन सिलिंडरांतल्या प्रोपेनचे ४० आणि कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या यांचे ३५० पौंड मिळवले, की बेरीज ३,१४० होते. कुटुंब अजून गाडीत बसलेलेही नाही आणि मर्यादा ओलांडली गेली आहे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले बसली की आणखी ४५० पौंडांची भर पडते. म्हणूनच ‘हाफ टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोर्ड एफ-१५० किंवा राम १५०० यांसारख्या ट्रकांवर बहुधा हलका, छत वर उचलता येणारा कॅम्परच शोभतो, तर मोठ्या, पक्क्या भिंतींच्या कॅम्परसाठी ‘वन टन’ वर्गातला आणि पुष्कळदा मागे चार चाके असलेला ट्रक लागतो.

वजनाइतकाच गुरुत्वमध्य महत्त्वाचा असतो. कॅम्परच्या बाजूवर त्याची खूण केलेली असते आणि ट्रकच्या कागदपत्रांत तो हौद्याच्या कोणत्या भागात यावा हे दिलेले असते. सर्वसाधारण नियम असा, की तो मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे पडावा. आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर आखूड हौद्यात बसवला, तर ही खूण अॅक्सलच्या मागे सरकते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि वेग वाढला की स्टीअरिंग हलके, तरंगल्यासारखे लागू लागते. अशी जोडी जमवण्याचा मोह टाळलेलाच बरा.

ट्रक आणि जागा तयार करणे

हौद्याचा मागचा फाळका सहसा काढावा लागतो. बहुतेक पिकअपमध्ये दोन्ही बाजूंच्या तारा सोडवून, फाळका अर्धवट उघड्या स्थितीत धरून, आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू उचलली की तो सुटतो. मात्र त्यात मागचा कॅमेरा असेल तर त्याच्या वायरीची जोडणी आधी काढावी लागते. हौद्यात वर ठेवलेले गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर असेल तर ते काढून टाकावे, कारण त्यावर कॅम्पर पुढे-मागे घसरतो. त्याऐवजी जाड रबरी चटई अंथरावी. हौद्याच्या कडा उंच असलेल्या नव्या ट्रकांवर कॅम्परचा पुढे झुकलेला भाग केबिनच्या टपाला किंवा कॅम्परचे पंख, म्हणजे हौद्याच्या कडांवर येणारे बाजूंचे भाग, त्या कडांना टेकू शकतात. तसे होत असेल तर चटईखाली हौद्याच्या मापाची प्लायवूडची बैठक करून कॅम्पर उंच घ्यावा. टपावरची अँटेना आणि केबिनच्या मागचा ब्रेकचा दिवा यांचेही अंतर मोजायचे असते, आणि ही मोजमापे ट्रक आत नेण्याच्या आधीच घ्यायची असतात.

जमीन पक्की आणि सपाट हवी. काँक्रीट किंवा डांबर उत्तम. माती असेल तर प्रत्येक जॅकखाली जाड लाकडी फळी ठेवावी, नाहीतर एक पाय मातीत रुतून सगळे वजन तिरके होते. उतारावर किंवा जोराच्या वाऱ्यात हे काम करू नये. चार जॅकवर उंच धरलेल्या कॅम्परच्या भिंती वारा चांगलाच पकडतात. कॅम्परमधल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, प्रोपेनच्या झडपा बंद कराव्यात, फ्रिज, कपाटे आणि दारे कुलपे लावून पक्की करावीत आणि आत कोणी माणूस किंवा प्राणी नाही याची खात्री करावी. जॅक विजेवर चालणारे असतील तर बॅटरी भरलेली हवी आणि हाताने फिरवायचा दांडा आधीच जवळ काढून ठेवलेला हवा.

कॅम्पर उचलणे

हौद्याच्या तळाच्या उंचीपेक्षा कॅम्परचा तळ दोन-तीन इंच वर येईल एवढेच उचलावे. जितके उंच जाल तितके डुलणे वाढते, त्यामुळे ‘असू दे थोडे जास्त’ हा विचार इथे चालत नाही. चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने वाढवावेत. आधी पुढचे दोन काही इंच, मग मागचे दोन तितकेच, असा क्रम ठेवावा. या सर्व वेळात कॅम्परचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित उंच असावा, कारण पुढे झुकलेला कॅम्पर जॅकवरून पुढच्या दिशेला ओढला जातो. पाणसळ आतल्या ओट्यावर न ठेवता बाहेर दिसेल अशी चिकटवली, तर दर वेळी दार उघडून डोकवावे लागत नाही.

एकच जॅक एकट्याने खूप वर किंवा खाली नेऊ नये. तसे केल्यास भार तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोनच पायांवर येतो आणि कॅम्परची लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट पिळवटते. जॅकची मोटर नेहमीपेक्षा कण्हायला लागली किंवा एखादा पाय जमिनीवरून उचलला गेलेला दिसला, तर थांबून आधी उरलेले तिन्ही पाहावेत. मागे चार चाके असलेल्या ट्रकचा मागचा भाग सुमारे आठ फूट रुंद असतो, म्हणून त्यासाठी कॅम्परच्या पुढच्या दोन जॅकना बाहेर झुलणाऱ्या कंसांची सोय असावी लागते. ते कंस निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे, ट्रक आत येण्याच्या आधी, पूर्ण बाहेर काढून खिटी लावून पक्के करावेत.

ट्रक खाली घेणे

या टप्प्यावर घाई नडते. पिकअपच्या हौद्यात दोन चाकांच्या फुगवट्यांमधली जागा ५० इंचांच्या थोडी वर असते आणि कॅम्परचा खालचा भाग साधारण ४८ इंचांपर्यंत असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून फार तर दोन-तीन इंच मोकळे राहतात. तेवढ्या जागेत ट्रक सरळ न्यायचा असेल तर सरळपणा लांबूनच मिळवावा लागतो. ट्रक कॅम्परपासून निदान एका ट्रकच्या लांबीइतका पुढे उभा करून तिथूनच ओळीत आणावा. अगदी जवळ आल्यावर चाके वळवून तिरकेपणा काढायचा प्रयत्न केला की हमखास एखादा जॅक हौद्याच्या कोपऱ्याला लागतो. कॅम्परच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर रंगीत चिकटपट्टीची उभी रेघ लावून ठेवली तर आरशात किंवा मागच्या काचेतून त्या एकमेकींवर आणणे सोपे जाते. फाळक्यासोबत कॅमेरा निघून गेलेला असतो, त्यामुळे त्या सवयीवर विसंबून राहता येत नाही.

मदतनीस एकच असावा. त्याने चालकाच्या बाजूच्या आरशात सतत दिसेल अशा ठिकाणी, जॅकच्या बाहेरच्या बाजूला उभे राहावे. तो आरशात दिसेनासा झाला की चालकाने ब्रेक लावावा, हा ठराव काम सुरू होण्यापूर्वी बोलून पक्का करावा. दिशा सांगताना ‘डावीकडे’ म्हणजे कोणाच्या डावीकडे हा घोळ होतो. त्याऐवजी ‘चालकाच्या बाजूला’ आणि ‘प्रवाशाच्या बाजूला’ असे म्हणणे सुरक्षित. ट्रक आणि कॅम्पर यांच्यामध्ये किंवा कॅम्परखाली कोणत्याही कारणाने कोणीही शिरू नये. चटई सरळ करायची राहिली असेल तर ट्रक पूर्ण बाहेर काढूनच ती करावी. मुलांना आणि कुत्र्यांना घरात ठेवावे.

मग ट्रक रिव्हर्स गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, इंचाइंचाने मागे घ्यावा. पुढचे दोन जॅक हौद्याच्या कोपऱ्यांजवळ येताच थांबून दोन्ही बाजूंची अंतरे प्रत्यक्ष उतरून पाहावीत. तीच गोष्ट कॅम्परचा तळ चाकांच्या फुगवट्यांपाशी येईल तेव्हा करावी. अंतर असमान दिसले तर ट्रक बाहेर काढून पुन्हा आणावा; तिसऱ्यांदा आणावे लागले तरी त्यात कमीपणा नाही. पुढची भिंत हौद्याला जवळजवळ टेकली की ट्रक पार्कमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावावेत.

उतरवणे आणि बांधणे

उतरवतानाही जॅक आळीपाळीने, थोडे थोडे आणि पुढचा भाग किंचित उंच राहील असेच खाली घ्यावेत. कॅम्पर टेकू लागला की ट्रकच्या मागच्या स्प्रिंगा दबून हौदा खाली जातो, त्यामुळे पूर्ण वजन येईपर्यंत अंतरे बदलत राहतात आणि केबिनच्या टपाकडे विशेष लक्ष ठेवावे लागते. सर्व भार हौद्यावर आला की जॅक जमिनीपासून फक्त दोन-तीन इंच उचलून थांबावे आणि बांधणी पूर्ण झाल्यावरच ते वर न्यावेत; कॅम्पर वाकडा बसल्याचे लक्षात आले तर तेवढ्या उंचीवरून पुन्हा उचलणे सोपे असते.

कॅम्परचे चार कोपरे साखळ्यांनी ट्रकच्या चॅसिसला जोडलेल्या कड्यांना बांधावेत. हौद्याच्या पत्र्यातल्या छोट्या कड्या सामान बांधण्यासाठी असतात, कॅम्परचे वजन ओढून धरण्यासाठी नव्हे. शिवाय फोर्ड एफ-१५० चा हौदा २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे तिथे त्या कड्यांवर विसंबणे आणखी जोखमीचे. पुढच्या साखळ्या पुढे आणि मागच्या मागे ओढतील अशी तिरकस मांडणी असली, की कॅम्पर दोन्ही दिशांना धरला जातो. स्प्रिंग असलेले टर्नबकल, म्हणजे साखळी ताणून आवळण्याचे फिरते स्क्रू, वापरावेत आणि निर्मात्याने सांगितलेल्या खुणेपर्यंतच आवळावेत. ‘जितके घट्ट तितके चांगले’ या समजुतीने कॅम्परमधले अँकर, म्हणजे साखळी अडकवायच्या कड्या, लाकडासकट उपटून निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नंतर विजेचा प्लग जोडून ब्रेकचे दिवे, दोन्ही इंडिकेटर आणि मागचे दिवे मदतनीसाकडून तपासून घ्यावेत. टायरमधली हवा थंड असताना भरावी. रिकाम्या ट्रकला चालणारा दाब भरलेल्या कॅम्परला पुरत नाही.

रस्त्यावर निघण्यापूर्वी आणि नंतर

ट्रक आणि कॅम्परची एकत्रित उंची जमिनीपासून छतावरच्या सर्वांत उंच वस्तूपर्यंत मोजून, सहा इंच जास्त धरून, तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवावा. छतावर एअर कंडिशनर असलेला पक्क्या भिंतींचा कॅम्पर उंच ट्रकवर १२ फुटांपर्यंत सहज जातो. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरातला, ११ फूट ८ इंच उंचीमुळे कित्येक ट्रकांची छपरे सोललेला प्रसिद्ध रेल्वे पूल २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला गेला, तरी त्याच्याखालूनही असा कॅम्पर नेताना जीव मुठीत धरावा लागेल.

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी भरलेल्या टाक्या, सामान आणि सर्व माणसे यांच्यासह महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील काट्यावर वजन करून घ्यावे. तिथे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे मिळते, ते दाराच्या चौकटीवर दिलेल्या अॅक्सलच्या मर्यादांशी ताडून पाहता येते आणि कागदावरचा हिशेब कुठे चुकला ते लगेच कळते. निघाल्यावर आठ-दहा मैलांनी थांबून चारही टर्नबकल पाहावेत, कारण कॅम्पर हौद्यात नीट बसला की साखळ्या हमखास सैल पडतात. पुढे प्रत्येक इंधनाच्या थांब्यावर एक फेरी मारावी.

कॅम्पर काढताना हाच क्रम उलटा करायचा: चाकांना ठोकळे लावायचे, जॅक खाली घेऊन ते जमिनीला जेमतेम टेकल्यावर साखळ्या सोडवायच्या आणि मगच कॅम्पर उचलायचा. ठोकळे काढून ट्रक पुढे घेण्याआधी मागे जाऊन विजेचा प्लग हाताने काढून पाहावा. सर्व काही नीट करूनही शेवटच्या क्षणी तीच वायर तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.