गुडघ्यासाठी फिजिओथेरपी: कधी सुरू करावी, कशी टिकवावी

पन्नाशी ओलांडल्यावर गुडघा दुखू लागला की साधारण एकच क्रम चालतो. एक्स-रे निघतो, 'गॅप कमी झालाय' किंवा 'वंगण संपलंय' असं कानावर पडतं, गोळ्या सुरू होतात. मग कुणीतरी सुचवतं म्हणून दहा दिवसांचा शेक घेतला जातो. दहाव्या दिवशी बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच, आणि 'फिजिओथेरपी करून पाहिली, गुण आला नाही' असा निकाल लागतो. अशा वेळी खरी फिजिओथेरपी बहुतेकदा सुरूच झालेली नसते. शेक, आयएफटी (हलक्या विजेच्या प्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) यांनी दुखणं थोडा वेळ दबतं. मांडीत ताकद येते ती हळूहळू भार वाढवत नेलेल्या व्यायामानं, आणि त्याला दहा-बारा आठवडे द्यावे लागतात.

कुणाला फायदा होतो

जिना उतरताना दुखतं, बसून उठताना पहिली चार पावलं जड जातात, सकाळी गुडघा आखडलेला असतो पण अर्ध्या तासाच्या आत सुटतो, जास्त चाललं की संध्याकाळी ठणकतो. हे झिजेच्या संधिवाताचं नेहमीचं चित्र आहे आणि व्यायामाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो. गुडघ्यातून कटकट आवाज येतो म्हणून घाबरू नका. सूज किंवा दुखणं सोबत नसेल तर त्या आवाजाला फारसा अर्थ नसतो. एक्स-रेवरची झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचाही मेळ बसेलच असं नाही. फिल्म खराब दिसत असूनही माणूस रोज टेकडी चढतो, आणि फिल्म बरी असूनही कुणाला जिना चढवत नाही.

2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 156 रुग्णांचा एक अभ्यास आला. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा फिजिओथेरपी घेणाऱ्यांचं दुखणं वर्षाअखेरीस कमी होतं आणि हालचालही चांगली होती. इंजेक्शन वाईट असं नाही. सुजेनं व्यायामच करता येत नसेल तर डॉक्टर ते देतील. मिळालेले ते बरे आठवडे व्यायामात घाला.

आधी डॉक्टर, मग व्यायाम

काही लक्षणांत फिजिओकडे जाऊन वेळ घालवू नका. गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशी पोटरी चोळू नका, चोळूनही घेऊ नका. पडल्यावर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा विश्रांती घेऊनही रात्रभर दुखत असेल, तर तपासणी आधी. दोन्ही हातांची बोटं सकाळी तासाहून जास्त वेळ ताठ राहत असतील तर तो झिजेपेक्षा वेगळा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात.

आणखी एक फसवं दुखणं म्हणजे खुब्याचं. खुब्याचा सांधा झिजला तरी कळ गुडघ्यात येते. पायमोजा घालताना पाय वळवता येत नसेल, जांघेतही दुखत असेल, तर ते फिजिओला पहिल्याच भेटीत सांगा.

पहिली भेट कशी असावी

चांगली पहिली भेट अर्धा-पाऊण तास चालते. चाल पाहिली जाते, गुडघा किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का हे मोजलं जातं, मांडीची आणि खुब्याची ताकद तपासली जाते. न तपासता थेट मशीन लावलं तर दुसरं ठिकाण शोधा. पदवी आणि राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडची नोंदणी विचारायला संकोचू नका. मालिश करणारा आणि फिजिओथेरपिस्ट यांत फरक आहे. खर्चाची अडचण असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का पाहा. भारतात या विषयाचं शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम या महापालिकेच्याच रुग्णालयात सुरू झालं.

एक आकडा घरीही मोजून ठेवा. साधारण 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर आडवे बांधा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयात बाईला 12 पेक्षा आणि पुरुषाला 14 पेक्षा कमी जमत असेल तर पायांत ताकद कमी आहे. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा. दुखणं रोज वर-खाली होतं, त्यावरून प्रगती कळत नाही. या आकड्यावरून कळते.

बैठका सलग दहा दिवस घेण्यापेक्षा पसरून घ्या: पहिले दोन आठवडे आठवड्याला दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत काम घरी करायचं असतं. दहा व्यायामांचा छापील कागद हातात आला तर त्यातले सर्वांत गरजेचे तीन-चार निवडून द्यायला सांगा, आणि ते तुम्ही करत असताना नातेवाइकाला मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून आपला पाय कुठे चुकतो ते दिसत नाही.

चार व्यायाम, आणि ते कुठे बिघडतात

टॉवेल दाबणं: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, मांडी आवळून तो खाली दाबा. 5 सेकंद धरा, 10 वेळा. लोक इथे श्वास रोखतात. मोठ्यानं आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. फार दुखत असेल तेव्हाही हा एवढा जमतो.

सरळ पाय उचलणं: पाठीवर झोपा, दुसरा गुडघा वाकवलेला. दुखरा पाय ताठ ठेवून फूटभर उचला, 5 सेकंद धरा, सावकाश खाली आणा. 10 चे दोन-तीन सेट. पाय उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तरी मांडीऐवजी खुब्याचे स्नायू काम करतात आणि मेहनत वाया जाते. म्हणून आधी मांडी आवळा, मग उचला. हे सोपं झालं की घोट्याला अर्ध्या किलोचा वेट कफ (वजनाचा पट्टा) बांधा.

खुर्चीतून उठबस: चारांत हाच मुख्य. पावलं खांद्यांइतकी दूर, थोडं पुढे झुकून उठा, मग तीन आकडे मोजत बसा. शेवटच्या क्षणी धपकन बसणं ही नेहमीची चूक. सावकाश खाली बसणं हाच नेमका ताकद वाढवणारा भाग. गुडघे आत वळतात का हे आरशात पाहा, ते पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. जमत नसेल तर खुर्चीवर सतरंजीची जाड घडी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा.

पायरी चढणं: आधी 10 सेंटिमीटरचा पाट किंवा ठोकळा, तोही न हलणारा, नंतर जिन्याची खालची पायरी. कठड्याला बोटं टेकवा, ओढू नका. खालच्या पायानं उडी घेऊन वर आलात तर वरच्या पायाला व्यायाम झालाच नाही.

हे एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. सेटमधल्या शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी 12 चे तीन सेट सहज झाले तर भार वाढवा. तोच हलका व्यायाम सहा महिने करत राहणं हे न करण्यापेक्षा बरं, पण त्यानं जिना सोपा होत नाही.

दुखलं तर थांबायचं का?

व्यायाम सुटतो तो बहुतेक इथेच. शून्य ते दहाच्या मापात दुखणं चार-पाचपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर ते चालेल. त्याहून जास्त दुखलं किंवा सूज वाढली तर व्यायाम साधारण एक तृतीयांश कमी करा, पूर्ण बंद करू नका. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते. ते स्नायूंचं दुखणं आहे, सांध्याचं नाही.

आखडलेल्या गुडघ्याला व्यायामाआधी 15 मिनिटं शेक द्या, सुजलेल्याला कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झाली असेल तर शेक आणि बर्फ दोन्ही जपून, भाजलेलं कळत नाही.

रोजच्या वावरातही काही गोष्टी पाळा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात. हात मोकळा सोडल्यावर मनगट जिथे येतं तेवढी तिची उंची. सूज असेपर्यंत मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं टाळा, जन्मभर सोडायची गरज नसते. वजन जास्त असेल तर एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

टिकवायचं कसं

वेळ मिळाला की करीन, असं ठरवलं की वेळ मिळत नाही. रोज चुकत नाही अशा गोष्टीला व्यायाम बांधा: सकाळच्या चहाआधी किंवा संध्याकाळच्या मालिकेच्या जाहिरातींत. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करा. गणपती, दिवाळी, लग्नसराई यांत खंड पडणारच; त्या दिवसांसाठी फक्त उठबस आणि पाय उचलणं, पाच मिनिटांचा छोटा डाव ठेवा. दोन आठवडे पूर्ण सुटलं तर आधीच्या निम्म्यावरून सुरू करा, जिथे सोडलं होतं तिथून नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठणं सोपं वाटू लागतं, स्नायूंची खरी ताकद सहा-आठ आठवड्यांनी दिसते. खुर्चीचा आकडा दर पंधरवड्याला मोजा. बारा आठवड्यांनंतर आठवड्यातून दोनदा पुरे, पण तेवढं चालू ठेवावं लागतं. बंद केलं की ताकद उतरते.

नेमानं सहा आठवडे करूनही आकडा आणि दुखणं दोन्ही जागचे हलले नाहीत, तर फिजिओला कार्यक्रम बदलायला सांगा आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवा. सांधा बदलायचंच ठरलं तरी ऑपरेशनपर्यंत व्यायाम सोडू नका. मांडीत आधीच ताकद असेल तर नंतर वॉकर लवकर सुटायला मदत होते.