जाधव खटल्याचा निकाल वाचायचा कसा: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय कायद्यात काम करायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती परदेशी एलएलएमच्या फीची. त्याआधी फुकटात होणारं एक काम आहे: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा एक निकाल नीट वाचणं. सुरुवातीला कुलभूषण जाधव खटला घ्या (भारत विरुद्ध पाकिस्तान, १७ जुलै २०१९). जाधव हे हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेले भारतीय. बातम्यांमुळे गोष्ट माहीत असते, आणि तीच अडचण होते.

न्यायालयाच्या संकेतस्थळावर अर्ज, लेखी कैफियती, भारतातर्फे हरीश साळवेंनी केलेला युक्तिवाद शब्दशः, निकाल आणि न्यायाधीशांची स्वतंत्र मतं असं सगळं आहे. निकाल उघडून थेट शेवटच्या १४९व्या परिच्छेदावर जा. न्यायालयाने नेमका काय आदेश दिला, ते तिथे मतांच्या आकड्यांसह मिळतं. मग सुरुवातीला येऊन भारताच्या मागण्या वाचा. लष्करी न्यायालयाचा निर्णय रद्द करा, जाधवांना सोडा, अशा त्या होत्या. यातलं काहीच मिळालं नाही. मिळालं ते शिक्षेचं परिणामकारक पुनरावलोकन आणि फेरविचार, आणि तोवर फाशीला स्थगिती. ‘न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं ते हा टप्पा गाळल्यामुळे.

पुढे अधिकारक्षेत्र. हा भाग रूक्ष वाटतो म्हणून मुलं उड्या मारतात आणि मूटमध्ये (सरावाच्या नकली खटल्यात) पहिल्याच प्रश्नाला अडकतात. हे न्यायालय म्हणजे जगाचं हायकोर्ट नव्हे. राष्ट्रांची संमती लागते. इथे ती १९६३च्या कॉन्सुलर संबंधविषयक व्हिएन्ना कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून (जोडकरारातून) आली. म्हणून नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा भंग झाला का, हे न्यायालय ठरवू शकत नव्हतं. ग्राह्यतेवरचे (खटला ऐकावा का, यावरचे) पाकिस्तानचे आक्षेप १५ विरुद्ध १ मतांनी फेटाळले गेले. ते एकदा वाचलेत तरी पुरे.

खरा वेळ द्यायचा तो १९६३च्या कराराच्या कलम ३६ला. अटकेतल्या परदेशी नागरिकाला कॉन्सुलर भेटीचा, म्हणजे आपल्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांशी संपर्काचा, हक्क ते देतं. त्याचा मजकूर शेजारी ठेवा, सोबत करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९च्या व्हिएन्ना कराराची कलमं ३१ आणि ३२. हेरगिरीच्या आरोपीला कॉन्सुलर भेट नाकारता येते का? कलमाच्या शब्दांत असा अपवाद नाही. मसुद्याच्या वेळच्या चर्चेतही न्यायालयाला तो सापडला नाही. भारत-पाकिस्तानचा कॉन्सुलर भेटीविषयीचा २००८चा करारही आड आला नाही. तारखाही तपासा: अटक ३ मार्च २०१६ची, भारताला कळवलं २५ मार्चला. कलमातल्या ‘विनाविलंब’ या शब्दाचा कस इथे लागतो.

टिपणासाठी चार रकाने आखा: मुद्दा, भारत, पाकिस्तान, न्यायालय. प्रत्येक नोंदीपुढे परिच्छेद क्रमांक हवाच. तो नसेल तर मेमोरियल (मूटसाठीची लेखी कैफियत) लिहिताना सगळा निकाल पुन्हा चाळावा लागतो. पाकिस्तानने नेमलेले तदर्थ (या खटल्यापुरते) न्यायाधीश जिलानी यांचं विरोधी मतही वाचा. प्रतिपक्षाचे मुद्दे आयते मिळतात.

वरच्या न्यायालयाचे पूर्वनिर्णय बंधनकारक मानण्याची भारतीय सवय इथे घात करते. न्यायालयाच्या संविधीचं (त्याच्या मूळ नियमांचं) कलम ५९ सांगतं की निकाल फक्त त्या पक्षांवर, त्याच खटल्यापुरता बंधनकारक. तरी न्यायालय ‘लाग्रां’ (२००१) आणि ‘अव्हेना’ (२००४) या अमेरिकेविरुद्धच्या कॉन्सुलर भेटीच्याच आपल्या जुन्या निकालांचा आधार घेतं. त्यामुळे ‘न्यायालयाची सातत्याची भूमिका’ असं लिहा, ‘बंधनकारक पूर्वनिर्णय’ नको.

मग पाचवा रकाना जोडा: देशांतर्गत कायदा. पगाराचं काम बहुतेक इथलंच असतं. ‘अव्हेना’ निकाल संघराज्याच्या कायद्याशिवाय राज्यांच्या न्यायालयांवर थेट लागू होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मेडेलिन खटल्यात ठरवलं. जाधव निकालासाठी पाकिस्तानने २०२१ मध्ये वेगळा कायदा केला. भारतावर असा निकाल आला तर काय होईल, याचा शोध राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३पासून (आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा संसदेचा अधिकार) सुरू करा.