कार्बन फायबर कंपोझिटचा करंट मॅप सी-एएफएमवर कसा काढायचा

सी-एएफएम म्हणजे कंडक्टिव्ह अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप: बारीक टिप पृष्ठभागावर फिरवून कुठे किती करंट वाहतो त्याचा नकाशा काढणारं मशीन. आपलं कंपोझिट म्हणजे इपॉक्सी रेझिनमधे बसवलेले कार्बन फायबर; करंट फायबरमधून जातो, इपॉक्सीतून नाही. आधी सँपल. फायबर उभे राहतील असा आडवा काप घ्या, ५-६ मिमी जाडीचा पुरे. मागची बाजूपण घासायचीच बरं का, कारण तिकडे इपॉक्सीचा पातळ थर राहिला तर सिल्व्हर पेस्ट (करंट वाहून नेणारा चांदीचा लेप) कितीही फासा, फायबरला कनेक्शन मिळतच नाही आणि मग दिवसभर मशीनला शिव्या घालत बसायचं (मी बसलोय).

पुढची बाजू सिलिकॉन कार्बाइड पेपरवर ओली घासत न्या, शेवटी १ मायक्रॉन डायमंड सस्पेन्शन. घाई इथेच नडते. घासताना कार्बनची काळी पूड इपॉक्सीवर पसरते आणि मॅपमधे जिथे करंट नसायला हवा तिथे पण ठिपके दिसतात, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे अल्ट्रासॉनिक क्लीनिंग करून नीट वाळवा.

टिप प्लॅटिनम-इरिडियमची चालते पण कोटिंग लवकर झिजतं, कंडक्टिव्ह डायमंड महाग पण टिकाऊ. कॉन्टॅक्ट मोड (टिप पृष्ठभागाला सतत टेकलेली) ठेवा, व्होल्टेज मिलिव्होल्टपासून हळूहळू वाढवा, नाहीतर अँप्लिफायर सॅच्युरेट होऊन (मोजायची मर्यादा गाठून) सगळे फायबर सारखेच पांढरे दिसतील. फायबर ५-७ मायक्रॉनचा असतो, तर ३० मायक्रॉनचा स्कॅन घेतला की बरेच फायबर एका फ्रेममधे येतात.

फायबरच्या कडेला चमकदार रिंग दिसली तर लगेच इंटरफेसचा (फायबर आणि इपॉक्सीच्या सीमेचा) शोध लागला म्हणून नाचू नका. फायबर कडक असल्याने पॉलिशनंतर थोडा वर राहतो, त्या पायरीवर टिपचा कॉन्टॅक्ट बदलतो. हाइट इमेज (पृष्ठभागाच्या उंच-सखलपणाचं चित्र) शेजारी ठेवा, स्कॅन ९० अंशात फिरवून परत घ्या, रिंगची जागा बदलली तर ती टिपचीच करामत.