चार-सहा शेळ्यांतले जंत: औषध कोणाला, कधी आणि किती

पहिला पाऊस पडला की दावणीच्या सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा सगळ्यांना, ही पद्धत सोडून द्या. प्रत्येक डोस पचवून काही जंत उरतात. सगळ्या शेळ्यांना औषध गेलं, तर पुढची पिढी फक्त त्या उरलेल्यांचीच होते आणि दोन-तीन वर्षांत बाटली रिकामी करूनही काही उपयोग होत नाही. धडधाकट शेळ्यांना औषध दिलं नाही, तर त्यांच्या पोटातले साधे, औषधाला मरणारे जंत टिकतात आणि चिवट जंतांच्या संख्येत भर पडू देत नाहीत. म्हणून औषध ज्या शेळीला लागतं, तिलाच.

आपल्याकडे जीव घेतो तो मुख्यतः हिमोंकस, म्हणजे चौथ्या पोटात राहणारा, दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा गोलकृमी. मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त पितो. हजार जंत असले, तर रोज 50 मिली. 28 किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असतं, तेव्हा ती किती दिवस तग धरेल याचा अंदाज करा. मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालते. पावसाळ्याच्या ओलसर उबेत आठवड्याभरात लेंडीतून अळी गवतावर चढते आणि पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत स्वतः अंडी घालू लागते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये शेळ्या अचानक बसतात, त्यामागे हे गणित असतं.

रक्त कमी झालंय का, हे डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतल्या रंगावरून कळतं. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ही फमाचा पद्धत आहे. 1 ते 5 अंश: 1 म्हणजे लालभडक, 3 गुलाबी, 5 कागदासारखा पांढरा. शेळीला उन्हात उभी करा, गोठ्याच्या अंधारात नाही. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर मिटवून हलकेच आत दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतली ओलसर पट्टी वर येते, तिचा रंग दोन-तीन सेकंदांत बघा. जास्त वेळ उघडी ठेवली, तर ती लाल होत जाते आणि फसगत होते. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका तो धरा. धूळ गेली असेल किंवा डोळे आले असतील, तर रंगावर विसंबू नका. गवसलेला अंश वहीत तारखेसह लिहा. 4 आणि 5 ला औषध लगेच. 3 असेल आणि शेळी गाभण, नुकती व्यालेली, रोड किंवा करडू असेल, तरी द्या. पावसाळ्यात दर 10 ते 14 दिवसांनी, उन्हाळ्यात महिन्याने तपासा. व्यायच्या आसपास शेळीची प्रतिकारशक्ती घटते आणि अंडी वाढतात, तेव्हा तिच्याकडे जास्त लक्ष हवं.

जबड्याखाली मऊ, पाण्याची पिशवी लोंबू लागली, तर ते रक्त आणि प्रथिनं खूप घटल्याचं लक्षण. खाली मान घालून चरून आल्यावर संध्याकाळी ती ठळक दिसते, सकाळी ओसरलेली असते. म्हणून सकाळीच बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

पापणी सगळं सांगत नाही. पातळ हगवण लागली पण पापणी लाल, तर आतड्यातले दुसरे जंत असू शकतात. लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की लोक घाबरतात. ते पट्टकृमीचे तुकडे, पण तो सहसा फार नुकसान करत नाही. तीन आठवडे ते पाच महिन्यांच्या करडाला हगवण लागली, तर आधी कॉक्सिडिया आठवा. तो जंत नाही, डोळ्याला न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे, जंतनाशकाने मरत नाही. भातखाचरं, तळी, गोगलगाई असलेल्या भागात, विशेषतः कोकणात, पर्णकृमीही असतो आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून ताज्या लेंड्या हवाबंद पिशवीत, गार ठेवून (बर्फात गोठवू नका) त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या.

आता डोस. सर्वांत मोठी चूक अंदाजाने वजन धरण्याची. कमी डोस म्हणजे जंतांना सराव. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर × घेर × लांबी, भागिले 10,800. घेर 70, लांबी 62 असेल, तर वजन सुमारे 28 किलो. शेळीचं यकृत औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, म्हणून मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध मेंढीला किलोला 5 मिग्रॅ, शेळीला 10 धरतात. 28 किलोला 280 मिग्रॅ: 2.5 टक्के बाटलीतून 11.2 मिली, 10 टक्केवाल्यातून फक्त 2.8 मिली. बाटलीवरचा टक्का वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात देऊ नका, गर्भाला धोका असतो. लेव्हामिसोलमध्ये योग्य मात्रा आणि विषबाधा यांत अंतर कमी, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही त्यांनाच विचारा.

पाजताना डोकं वर उचलून तोंड आकाशाकडे करू नका. औषध श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. मान सरळ ठेवून, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा. 10 ते 14 दिवसांनी लेंडी पुन्हा तपासा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील, तर ते औषध तुमच्या गोठ्यात निकामी होत चाललंय, दुसऱ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या प्रकारे जंत मारणारं औषध घ्या.

औषधाइतकंच काम चराईचं आहे. अळ्या जमिनीजवळच्या ओल्या गवतात जास्त असतात. दव वाळल्यावरच सोडा, चार बोटांपेक्षा खाली खाल्लेल्या गवतावर नको. शेळीला पाला हवाच असतो: बाभूळ, शेवरी, सुबाभळीच्या फांद्या उंच टांगा. गव्हाण आणि पाणी जमिनीपासून वर ठेवा, लेंड्यांवर पडलेला चारा हीच जंतांची वाट. रोज गोळा केलेल्या लेंड्या खड्ड्यात कुजू द्या, त्या उष्णतेत अळ्या मरतात.

बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात घालू नका. डॉक्टरांना विचारून दोन वेगवेगळ्या गटांची औषधं द्या, दोन-तीन दिवस गोठ्यातच ठेवा आणि लेंड्या गोळा करून जाळा. चौदाव्या दिवशी लेंडी तपासून अंडी नाहीत असं दिसलं, की मगच तिला बाकीच्यांसोबत सोडा.