सायटेशन मोजण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

शोधनिबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची वाचली की लेखकाने आधीच्या कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला ते कळते. तीच सूची उलट बाजूने वाचली, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा पुढे कोणी, केव्हा आणि कशासाठी उल्लेख केला याचा माग काढला, की सायटेशन-विश्लेषण सुरू होते; असा प्रत्येक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. मी या कामात ग्रंथालयशास्त्राच्या वाटेने आले; माझे काही सहकारी संख्याशास्त्रातून आले, काही थेट प्रयोगशाळेतून. कोणत्याही वाटेने आलात तरी सुरुवातीलाच एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते, ती अशी की आकडा काढणे हा या कामाचा सोपा भाग आहे आणि तो आकडा कशाशी ताडून पाहायचा हे ठरवणे हाच खरा व्यवसाय आहे.

ज्या साधनांवर हे सारे उभे आहे ती मुळात मूल्यमापनासाठी बनलेलीच नव्हती. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानासाठी सायटेशन-सूची असावी अशी कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर वकिलांच्या वापरातील एक जुनी सूची होती. एखाद्या निकालाचा पुढच्या खटल्यांत कसा आधार घेतला गेला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे त्या सूचीवरून शोधता येत असे. गारफील्ड यांचा हेतूही संबंधित साहित्य शोधण्याचा होता. १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रत्यक्षात आला, आणि शोधण्याचे साधन हाती आल्यावर मोजण्याचा मोह कोणाला आवरला नाही. हा इतिहास नव्या माणसाने ध्यानात ठेवावा, कारण वकिलांच्या सूचीत 'आधार घेतला' आणि 'फेटाळला' यांत भेद होता, आपल्या बहुतेक आकड्यांत तो नसतो.

कामाला बसल्यावर पहिला धक्का सायटेशनच्या वाटपाचा बसतो. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की कोणतेही एक वर्ष घेतले तर अस्तित्वात असलेल्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्के निबंधांचा त्या वर्षात कोणीही उल्लेख करत नाही आणि आणखी सुमारे ४९ टक्क्यांचा फक्त एकदाच होतो. उरलेल्या थोड्यांकडे बाकीचे सारे जाते. ज्याचा उल्लेख झालेला आहे त्याचाच पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे एक कारण. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्धी प्रसिद्धालाच मिळते या प्रवृत्तीला 'मॅथ्यू परिणाम' असे नाव दिले. इतक्या कललेल्या वाटपात सरासरी फार फसवी ठरते. म्हणून कोणत्याही गटाचा विचार करताना मी आधी सर्व निबंधांचे सायटेशन उतरत्या क्रमाने लावून नुसते पाहते. पहिले दोन-तीन निबंध बाजूला काढल्यावर सरासरी कोसळत असेल, तर ती सरासरी त्या दोन-तीन निबंधांविषयी बोलत असते, गटाविषयी नाही.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण स्फटिकशास्त्रातले आहे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका' या नियतकालिकाच्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनचे सरासरी माप, २ च्या आसपास असे. २००९ मध्ये तो एकदम ४९ च्या वर गेला. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये 'शेलएक्स' या स्फटिकरचना ठरवणाऱ्या संगणक-प्रणालीविषयी तेथे लिहिलेला एकच निबंध त्याला कारणीभूत होता, आणि ती प्रणाली वापरणाऱ्यांना संदर्भ म्हणून हा निबंध देता येईल असे त्यात लेखकाने स्पष्टच सुचवले होते. त्याच अंकात छापलेले इतर निबंध त्यामुळे काडीनेही बदलले नव्हते. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या साहित्याला चालू वर्षात मिळालेले सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व समीक्षालेखांची (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांची) संख्या. संपादकीये आणि पत्रे भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले सायटेशन भाज्यात जमा होतात. नियतकालिक निवडताना ग्रंथपालाला हा आकडा उपयोगी पडू शकतो. त्यावरून एखाद्या संशोधकाची योग्यता ठरवू पाहणाऱ्याला मात्र नम्रपणे थांबवावे. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेला जाहीरनामा आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दहा तत्त्वांचा लायडन जाहीरनामा हे दोन मजकूर अशा वेळी हाताशी असलेले बरे, कारण 'मला असे वाटते' यापेक्षा त्यांचा आधार अधिक चालतो.

तुलनेचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो, आणि तो खाऊ द्यावा. पेशीजीवशास्त्रात संदर्भसूची लांब असतात, संशोधक पुष्कळ असतात आणि निबंधांची दखल लवकर घेतली जाते. गणितात सूची आखूड असतात आणि एखाद्या सिद्धतेला वाचक मिळायला बरीच वर्षे जातात. समजा, गणितातील एका निबंधाचे १२ सायटेशन आहेत आणि त्याच विषयातील, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी ४ आहे. पेशीजीवशास्त्रातील दुसऱ्याचे ४० आहेत आणि तिथली सरासरी ५० आहे. पहिल्याचे गुणोत्तर ३ येते, दुसऱ्याचे ०.८. विषय, वर्ष आणि साहित्यप्रकार या तिन्ही बाबी जुळवल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नयेत. समीक्षालेखाला मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात, म्हणून तिसरी बाब विसरून चालत नाही. त्यातही विषयाची सीमा कोण आखते हा प्रश्न उरतोच. माहितीकोशांतील विषयवर्ग बहुधा नियतकालिकांवरून ठरतात, आणि दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्यांचे त्यात नुकसान होऊ शकते. मी अशा वेळी दोन वेगवेगळ्या वर्गीकरणांनी गणित करून पाहते. उत्तर फार बदलत असेल तर ते बदलते हेच अहवालात लिहिते. सरासरीपेक्षा शतमक, म्हणजे आपल्या वर्गातील वरच्या १० टक्क्यांत किती निबंध येतात हे माप, कललेल्या वाटपाला अधिक मानवते.

एच-इंडेक्सविषयी थोडक्यात. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. ज्या संशोधकाच्या किमान ५ निबंधांना प्रत्येकी किमान ५ सायटेशन आहेत, पण ६ निबंधांना प्रत्येकी ६ नाहीत, त्याचा एच ५. आता एकाच्या पाच निबंधांचे सायटेशन ३००, २००, ५, ५, ५ असे आहेत आणि दुसऱ्याच्या पाचही निबंधांना प्रत्येकी ६ सायटेशन आहेत. दोघांचाही एच ५ च येतो. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो बराचसा वयच मोजतो. लोक विचारतात म्हणून तो काढून द्यावा लागतो, एवढेच.

विदा (डेटा) गोळा करताना संयम लागतो. एकाच निबंधाचे 'वेब ऑफ सायन्स', 'स्कोपस' आणि 'गूगल स्कॉलर' या सायटेशन नोंदवणाऱ्या साधनांत तीन वेगळे आकडे दिसतात, कारण तिघांची व्याप्ती वेगळी आहे. प्रबंध आणि मुद्रणपूर्व प्रतीही (प्रीप्रिंट) धरल्यामुळे 'गूगल स्कॉलर'चा आकडा सहसा सर्वांत मोठा असतो. शिकण्यासाठी 'ओपनॲलेक्स' घ्यावे. २०२२ मध्ये सुरू झालेला हा माहितीकोश सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात आपल्या प्रणालीने थेट प्रश्न विचारता येतात. नावांचा गोंधळ सर्वत्रच असतो, म्हणजे एका नावाखाली अनेक माणसे किंवा एक माणूस अनेक नावांखाली विखुरलेला. प्रत्येक संशोधकाला मिळणाऱ्या स्वतंत्र 'ऑर्किड' क्रमांकाने तो कमी होतो, संपत नाही. पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा, आणि सारण्या जोडण्यापुरते एसक्यूएल, इतके येत असले तरी सुरुवात होते. बाकीचे काम शिकवते.

आता अशा भागाकडे येते ज्याकडे तंत्रात रमलेले नवे लोक वळतच नाहीत, तो म्हणजे उल्लेख करणारे वाक्य वाचणे. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ चा निबंध हा जगातील सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध मानला जातो. २०१४ पर्यंत ते तीन लाखांवर गेले होते. डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा निबंध त्या वेळच्या पहिल्या शंभरांतही नव्हता. यातून लॉरींचे काम मोठे की दुसरे मोठे हे ठरत नाही. पद्धत वापरणाऱ्याला संदर्भ द्यावाच लागतो, आणि जे ज्ञान पाठ्यपुस्तकात मुरते त्याचा संदर्भ द्यायचे लोक थांबतात, हे मात्र दिसते. मोराव्हसिक आणि मुरुगेसन यांनी १९७५ मध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील संदर्भांचे वर्गीकरण केले तेव्हा सुमारे दोन पंचमांश संदर्भ केवळ उपचारापुरते निघाले. म्हणून महत्त्वाच्या निबंधाच्या बाबतीत मी उल्लेख करणाऱ्या निबंधांतून काही यदृच्छेने निवडते आणि तो उल्लेख प्रस्तावनेत ओझरता आला आहे, पद्धतीच्या भागात आला आहे की निष्कर्ष त्यावर उभे आहेत, हे नोंदवते. काम कंटाळवाणे आहे, पण 'परिणाम' या शब्दाला काही अर्थ मिळतो तो इथेच.

कालमर्यादेचेही असेच. मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० मध्ये त्याचा पुनर्शोध लागला. फक्त पहिल्या तीन वर्षांचे सायटेशन मोजणाऱ्या खिडकीतून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसले नसते. अशा निबंधांना व्हॅन रान यांनी २००४ मध्ये 'निद्रिस्त सुंदरी' म्हटले. ते विरळ असतात, म्हणून छोटी खिडकी निरुपयोगी ठरत नाही. पण ताज्या निबंधांच्या शून्यावरून निवाडा करण्याआधी थांबायला हे उदाहरण पुरेसे आहे.

मोजमापाच्या रूक्षपणाला कंटाळलात तर नकाशांकडे वळा. दोन निबंधांच्या सूचींत सामाईक संदर्भ किती आहेत यावरून त्यांची जवळीक काढण्याची रीत मायकेल केसलर यांनी १९६३ मध्ये मांडली. दोन निबंधांचा उल्लेख पुढे कितीदा एकत्र होतो हे पाहण्याची रीत हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये. पहिलीत जवळीक प्रकाशनाच्या दिवशीच गोठते, दुसरीत ती पुढच्या वाचकांच्या हाताने बदलत राहते, आणि त्यामुळे एखादा विषय फुटून दोन होताना डोळ्यांदेखत दिसतो. 'व्हीओएसव्ह्यूअर' या मोफत प्रणालीत हे दोन्ही करता येते. माझ्या मते या क्षेत्राचा सर्वांत प्रामाणिक भाग हाच, कारण इथे कोणाला क्रमांक द्यायचा नसतो.

अहवाल लिहिताना माहितीकोशाचे नाव, विदा उतरवून घेतल्याची तारीख, सायटेशनची खिडकी, स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ धरले की वगळले, आणि तुलनेचा वर्ग कसा ठरवला, हे पहिल्याच पानावर द्यावे. सायटेशनचे आकडे रोज बदलतात, त्यामुळे तारखेशिवाय दिलेला आकडा कोणालाही पडताळता येत नाही. आणि ज्यांच्या कामाविषयी अहवाल आहे त्यांना त्यांच्या निबंधांची यादी, आकडेमोड सुरू करण्यापूर्वी, तपासायला पाठवावी. सुटलेले निबंध आणि चुकून चिकटलेले परके निबंध त्यांच्याइतके लवकर कोणालाच सापडत नाहीत.