परीकथेच्या कॉमिकमधला झोपाळू सोबती कसा काढावा

वेंगुर्ल्यात माझ्या पडवीत दर रविवारी सात-आठ मुलं चित्रं काढायला येतात. आम्ही मिळून एक परीकथा कॉमिकच्या रूपात काढतो. तिच्यात राजकन्या आहे, राक्षस आहे, खाडीपलीकडचा वाडा आहे आणि राजकन्येबरोबर फिरणारा, सदा पेंगणारा पेंगुळ्या आहे. पहिल्या दोन भागांत पेंगुळ्या म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात निजलेला एक लठ्ठ बोका होता. मुलं त्याच्याकडे न बघताच पान उलटायची. मग एक दिवस त्यांच्यातलीच एक छोटी म्हणाली, "काकी, हो रातचो खंय जाता?"

झोपाळू पात्र तयार करायचं असेल तर सुरुवात या प्रश्नापासून करा. दिवसा झोपतो, म्हणजे रात्री काहीतरी करतो. ते काय, हे आधी ठरवा. आम्ही बोका काढून टाकला आणि खवले मांजर घेतलं. ते दिवसभर बिळात गुंडाळून निजतं आणि रात्री मुंग्या-वाळवी शोधत हिंडतं. नजर अधू, पण नाक फार तिखट. त्यामुळे राजकन्येला काळोखात वाट सापडत नाही तेव्हा पेंगुळ्याला ती वासावरून कळते. वाड्याच्या दारात सुरंगीचं झाड आहे, आणि फुलं कुठे पडलीत ते त्याला डोळे मिटूनही समजतं. आता तो झोपला की मुलं थांबून बघतात, कारण काल रात्री याला काय कळलं असेल याची त्यांना उत्सुकता असते.

आता चित्र. आमटीची वाटी कागदावर पालथी घाला आणि पेन्सिलीने हलकी रेघ फिरवा. हा झाला गुंडाळलेला पेंगुळ्या. शेपटी जाड, बाहेरून वळून तोंडावर आलेली. नाकाचं टोक तेवढं शेपटीखालून डोकावू द्या. खवल्यांसाठी आपल्या कौलांकडे बघा. वरच्या ओळीचं कौल खालच्या ओळीवर चढलेलं असतं, म्हणून पाणी वळचणीकडे वाहून जातं. खवल्यांचंही तसंच आहे. डोकं म्हणजे आढं, शेपटी म्हणजे वळचण. घर शाकारताना गडी वळचणीकडून वर चढतो. चित्रात उलट करा, डोक्याकडून सुरू करा, म्हणजे प्रत्येक नवी रांग आधीच्या रांगेखालून निघते आणि रेघा खोडाव्या लागत नाहीत. सगळे खवले काढत बसू नका. पाठीवर तीन-चार रांगा ठसठशीत काढा, बाकीच्या नुसत्या सुचवा. पोटावर आणि पायांच्या आतल्या बाजूला खवले नसतात, तिथे कागद कोरा ठेवा.

जांभई काढताना मुलं हटकून दात काढतात. खवले मांजराला दातच नसतात. तोंड लहान, आणि त्यातून निघणारी लांबलचक बारीक जीभ. ती जीभ चौकटीबाहेर थोडी जाऊ दिली की जांभई खरी वाटते.

डोळ्यांचं मी पिंगुळीहून शिकले. कुडाळजवळच्या या गावात ठाकर कलाकार चित्रकथीची पानं एकेक करून दाखवत गोष्ट गातात, आणि त्या चित्रांतले डोळे मोठे, टपोरे असतात. आमची राजकन्या आणि राक्षस त्याच धर्तीचे आहेत. शेजारी पेंगुळ्याचा डोळा म्हणजे एक आडवी रेघ. तो खरोखर जागा होतो त्या एकाच चौकटीत त्याला पूर्ण गोल डोळा द्या. सहा चौकटींच्या पानावर हे एकदाच. दोनदा केलंत तर त्यातली मजा जाते.

तो निजलेला असताना आजूबाजूला काहीतरी चालू ठेवा. आमच्याकडे मुंग्यांची रांग असते. पहिल्या चौकटीत ती लांब, दुसरीत त्याच्या नाकाशी, तिसरीत अर्धी गायब. शब्द एकही नाही. मुलं मुंग्या मोजतात आणि मागचं पान परत उघडतात.

त्याचं बोलणं तुटक असू द्या. "हं... पलीकडे... वास..." एवढं पुरतं. फुगा आधी काढू नका. अक्षरं आधी लिहा, मग भोवती फुगा. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, दोन ओळींत जागा कमी पडली की सगळं एकमेकांत अडकतं. घोरणं फुग्याबाहेर लिहा, "घुर्रर्र", आणि पुढच्या र्रर्र बारीक करत न्या.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच करू देत नाही. पेंगुळ्याच्या खवल्यांत जादू किंवा औषध दाखवायचं नाही. खवले केराटिनचे असतात, आपल्या नखांसारखेच, पण त्यांच्यासाठी या प्राण्याला मारतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला सर्वात कडक संरक्षण आहे, तरीही मारतात. आमच्या काजूच्या बागेत बिळाच्या तोंडाशी फास लावलेला मी स्वतः बघितला आणि काढून टाकला. गोष्टीत जादू हवीच असेल तर ती नाकाला द्या.

शेवटची चौकट पहाटेची ठेवा. बिळात शिरल्यावर हा प्राणी आतून तोंडाशी माती लोटून घेतो. म्हणून पेंगुळ्या दिसायला नको. ताजी तांबडी माती, तिच्यावर नखांचे ओरखडे, आणि बाजूला सुरंगीचं एक फूल.