शुभ बोल नाऱ्या म्हणतील, तरी प्री-मॉर्टेम करा

नवीन जॉइन झालेल्या पोरापोरींना किक-ऑफ मीटिंगमधे, म्हणजे प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीत, एकच काम असतं, मान हलवायचं. सिनियर खूश, पीपीटी झकास, आणि मनातली शंका बोलून दाखवली की "शुभ बोल रे नाऱ्या" ऐकायला लागतं, म्हणून कोणी तोंडच उघडत नाही. यावर गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक युक्ती सांगितलीय, प्री-मॉर्टेम. 2007 मधे हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधे त्याचा यावर लेख आला. (हा बाबा आधी फायर ब्रिगेडवाले आगीत झटपट निर्णय कसे घेतात ते अभ्यासायचा, म्हणजे हवेतलं बोलणारा नाही.)

करायचं काय, तर काम सुरू व्हायच्या आधी टीमला बसवून सांगायचं की प्रोजेक्ट संपला आणि पार बोंबलला. बोंबलू शकतो असं नाही, बोंबललाच. आता दोन-तीन मिनिटं गपचूप, एकमेकांचं न बघता, प्रत्येकाने कारणं कागदावर लिहायची. "काही रिस्क वाटते का?" विचारलं की सगळे नाही म्हणतात कारण हो म्हणणारा निगेटिव्ह ठरतो, पण वाट लागलीये हे बॉसनेच जाहीर केल्यावर कारण सांगायला कोणाला भीती?

आमच्याकडे एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम होतं, लाइव्ह जायची तारीख 1 एप्रिल, नवं आर्थिक वर्ष म्हणून सगळ्यांना एकदम परफेक्ट वाटलेली. कागदांवर बरंचसं नेहमीचंच आलं, सर्व्हर बसला, क्लायंटने रिक्वायरमेंट बदलल्या वगैरे. पण एका फ्रेशर मुलीने लिहिलेलं, "ट्रेनिंगला कोणी आलंच नाही." तिची आई दुसऱ्या एका पतसंस्थेत क्लार्क, मार्चएंडला वसुली, ताळेबंद, ऑडिटची तयारी यात रात्री उशिरा घरी येणार, तिथे नवीन सॉफ्टवेअर कोण शिकत बसतंय! आणि आमच्या प्लॅनमधे ट्रेनिंग नेमकं मार्चमधे. दुसऱ्या एकाने लिहिलं, "खातेदारांची नावं वाचता येईनात." जुना डेटा युनिकोडमधे (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नव्हता, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे टाईप केलेला, कन्व्हर्ट करताना रफार आणि जोडाक्षरं गंडतात, कुलकर्णींचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि पासबुकावर तसंच छापून येतं. मग ट्रेनिंग जानेवारीत ओढलं, नावांच्या याद्या छापून शाखेतल्या लोकांकडून तपासून घ्यायचं ठरलं.

वाचून दाखवताना क्लाइनच्या पद्धतीत सुरुवात प्रोजेक्ट मॅनेजर करतो, मग एकेकाने एकेक कारण, यादी संपेपर्यंत. मॅनेजरने स्वतःच "माझं एस्टिमेट चुकलं" म्हटलं की बाकीचे मोकळे होतात. वाद तेव्हाच घालायचा नाही, आधी सगळं बोर्डावर येऊ द्या. नंतर त्यातली सगळ्यात घातक दोन-तीन निवडा आणि प्रत्येकापुढे कोणाचं तरी नाव टाका, नाहीतर एक्सेल शेअर होते आणि परत कोणी उघडत नाही.

नवख्यांनी एवढं बघा, "कम्युनिकेशन गॅप" असलं काही लिहू नका, त्यातून कोणालाच काही करता येत नाही. कोणाला, कधी, काय कळलं नाही ते लिहा. तुमचा टीम लीड असलं काही घेतच नसेल तर चहाला जाताना विचारा, "सर, समजा हे एप्रिलमधे आपटलं, तर कशामुळे आपटेल?" फक्त क्लायंटला तारीख कळवायच्या आधी विचारा, एकदा ती मेलमधे गेली की कोणी हलवायला तयार होत नाही.